एरन कॉपलंडचं ऑर्केस्ट्रा-संगीत कसं ऐकावं: 'फॅनफेअर'पासून 'इनस्केप'पर्यंत

एरन कॉपलंड या अमेरिकन संगीतकाराच्या दोन-तीन रचना पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या बहुतेकांच्या कानावरून गेलेल्या असतात. ट्रम्पेटांची एक ललकारी, गुराख्यांच्या नाचाचा एक धावता तुकडा आणि एक साधं, गोड गीत. अनेकांची गाडी तिथेच थांबते. 'अमेरिकन लोकधुना वापरणारा संगीतकार' अशी त्याची ओळख पक्की होते आणि उरलेलं सगळं न ऐकता राहून जातं.

माझं म्हणणं असं की त्या धुना बऱ्याचदा उसन्या आहेत. कॉपलंडचं स्वतःचं जे आहे, ते सुरांमधल्या अंतरात आहे. दोन सूर एकमेकांपासून किती दूर ठेवायचे, मधली जागा किती मोकळी सोडायची आणि कोणत्या वाद्याला गप्प बसवायचं, यात त्याची सही आहे. ती एकदा ओळखता आली की त्याचं सोपं आणि अवघड संगीत एकाच हाताचं आहे हे ऐकू येतं. त्यासाठी कोणत्या क्रमाने काय ऐकावं आणि प्रत्येक ठिकाणी कान कुठे लावावा, हे इथे सांगतो. नोटेशन वाचता येण्याची गरज नाही. सा आणि प यांतलं अंतर कानाला कळत असेल तर भरपूर झालं.

आधीची तयारी

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. बेस ड्रम, डबल बेस आणि ट्यूबा हे त्यात जवळजवळ नाहीसेच होतात, आणि कॉपलंडची मोकळी जागा ऐकू येण्यासाठी तळाचा सूर लागतोच. साधे हेडफोन चालतील. आवाज ठरवताना रचनेतला सगळ्यात मोठा भाग आधी लावा, तो सोसेल इतकाच ठेवा आणि मग सुरुवातीपासून ऐका. मध्ये संगीत अगदी हळू झालं तरी आवाज वाढवू नका. तो हळूपणा मुद्दाम ठेवलेला असतो.

शोधताना नावांचा घोळ होतो, तो आधीच निस्तरलेला बरा. कॉपलंडच्या बॅलेंच्या बहुधा दोन आवृत्त्या मिळतात: अख्खा बॅले आणि त्यातून काढलेला 'स्वीट', म्हणजे मैफलीत वाजवण्यासाठी एकत्र केलेले निवडक तुकडे. 'रोडिओ'च्या बाबतीत त्याला 'फोर डान्स एपिसोड्स' म्हणतात. पहिल्यांदा स्वीटच घ्या. सिंफन्यांचे आकडेही चकवतात. 1924 सालची 'सिंफनी फॉर ऑर्गन अँड ऑर्केस्ट्रा' त्याने पुढे ऑर्गन काढून नव्याने बांधली, ती पहिली सिंफनी. 'शॉर्ट सिंफनी' म्हणजे दुसरी. आणि जिला लोक नुसतं 'कॉपलंडची सिंफनी' म्हणतात, ती तिसरी.

पायरी पहिली: तीन मिनिटांची ललकारी

'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन'पासून सुरुवात करा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिनसिनाटी ऑर्केस्ट्राचे संचालक यूजीन गूसेन्स यांनी अनेक संगीतकारांकडून मैफलीच्या सुरुवातीला वाजवण्यासाठी ललकाऱ्या मागवल्या. कॉपलंडने आपली ललकारी सामान्य माणसाच्या नावे केली. ती पहिल्यांदा वाजली 12 मार्च 1943 रोजी. तेव्हा अमेरिकेत आयकर भरण्याची मुदत मार्चच्या मध्याला संपत असे, आणि सामान्य माणसाचा गौरव करायला हा मुहूर्त कॉपलंडला मनापासून पटला होता. त्या मालिकेतल्या बाकीच्या बहुतेक ललकाऱ्या आज कुणी वाजवत नाही. ही मात्र जगभर वाजते.

यात तंतुवाद्यं नाहीत आणि बासरीकुळातलं काहीच नाही. फक्त पितळी वाद्यं, टिंपनी, बेस ड्रम आणि टॅमटॅम, म्हणजे मोठी काशाची थाळी. तीन वेळा ऐका. पहिल्या वेळी फक्त ठोके ऐका आणि दोन ठोक्यांमध्ये हवा किती वेळ घुमत राहते तिकडे लक्ष द्या. दुसऱ्या वेळी ट्रम्पेट ऐका. सगळे ट्रम्पेट एकच सूर वाजवतात. सुरुवातीचे तीन सूर आपल्या भाषेत मंद्र पंचम, षड्ज, मग मध्य पंचम. चढती पायरी आधी चारची, मग पाचची. गंधार नाही, म्हणून सुरुवातीला ते धड आनंदीही वाटत नाही आणि दुःखीही नाही. तिसऱ्या वेळी मजले मोजा. आधी एकटे ट्रम्पेट, मग त्यांच्या जोडीला हॉर्न, आणि शेवटी खालून ट्रॉम्बोन आणि ट्यूबा.

हे तीन सूर गुणगुणता येऊ लागले की पुढे चला. ते पुन्हा लागणार आहेत.

पायरी दुसरी: 'क्वाएट सिटी'

ही दहा मिनिटांची रचना माझ्या मते कॉपलंडकडे जाण्याचा सगळ्यात सरळ दरवाजा आहे, आणि ती फार कमी लोक आधी ऐकतात. 1939 साली अर्विन शॉ यांच्या नाटकासाठी त्याने थोडं पार्श्वसंगीत लिहिलं. त्यात ट्रम्पेट वाजवणारा एक तरुण होता. नाटक टिकलं नाही. पुढच्या वर्षी कॉपलंडने त्यातून ट्रम्पेट, इंग्लिश हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठी ही रचना केली.

इंग्लिश हॉर्न म्हणजे ओबोचा जरा खर्जातला भाऊ. तो इथे दोन कारणांनी आहे. एक, ट्रम्पेटच्या धारदार आवाजासमोर त्याचा दबलेला, नाकातला सूर उठून दिसतो. दुसरं अगदी व्यवहाराचं: ट्रम्पेटवाल्याला दम घ्यायला फुरसत मिळते. ट्रम्पेटचा पहिला प्रवेश बारकाईने ऐका. एकच सूर अडखळत, पुन्हापुन्हा येतो. कॉपलंडने वादकासाठी तिथे 'नर्व्हस, मिस्टीरियस' अशी सूचना लिहिली आहे. मागे तंतुवाद्यं जवळजवळ स्थिर आहेत, आणि त्यांच्या वरच्या व खालच्या सुरांमध्ये बरीच पोकळी आहे. ही ब्रुकलिनच्या मुलाची रात्र आहे. 1900 साली तिथे जन्मलेला कॉपलंड वडिलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाढला. आईवडील दोघेही लिथुआनियाच्या बाजूने आलेल्या ज्यू कुटुंबांतले. कुरणं आणि डोंगर त्याच्या संगीतात आले ते पुढे. आधी होता तो शहरातला एकटेपणा.

पायरी तिसरी: 'ॲपलेशियन स्प्रिंग'

इथे वेळ काढा. स्वीट सुमारे पंचवीस मिनिटांचा आहे आणि एका बैठकीत दोनदा ऐकण्यासारखा आहे.

मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेसाठी हे संगीत एलिझाबेथ स्प्रेग कूलिज यांनी लिहवून घेतलं. पहिला प्रयोग 30 ऑक्टोबर 1944 रोजी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या छोट्या सभागृहात झाला. जागा इतकी कमी की वादक फक्त तेरा: बासरी, क्लॅरिनेट, बासून, पियानो आणि नऊ तंतुवाद्यं. कॉपलंडने लिहिताना त्याला नुसतं 'बॅले फॉर मार्था' म्हटलं होतं. आजचं नाव ग्रॅहम यांनी हार्ट क्रेन यांच्या कवितेतून उचललं, तेही संगीत लिहून झाल्यावर. तरीही पुढे आयुष्यभर श्रोते कॉपलंडला येऊन सांगत राहिले की यात ॲपलेशियन डोंगर अगदी समोर दिसतात. डोंगर मनात न ठेवता लिहिलेल्या सुरांत लोकांना ते का दिसतात, याचं उत्तर पहिल्या दोन मिनिटांत सापडतं.

त्यासाठी 'ए' (A) या पाश्चात्त्य सुराला सा धरा. तंबोरा ॲप असेल तर तो सूर थोडा वेळ चालू ठेवून बंद करा. आता सुरुवात ऐका. क्लॅरिनेट सा-ग-प यांतले सूर एकेक करून उलगडतो, घाई न करता. थोड्याच वेळात त्यावर दुसरी तिकडी येते: प-नी-रे. दोन्ही तिकड्या एकमेकींवर राहतात. वेगवेगळ्या वाजवल्या तर शाळेत शिकवतात तितक्या साध्या. एकत्र ठेवल्या की त्यांच्यात कोवळा ताण तयार होतो, आणि कुठलाच सूर घरी परतायची घाई करत नाही. कॉपलंड सूर एकमेकांजवळ दाटीने भरत नाही, पसरून ठेवतो. डोळ्यांना विस्तार दिसतो तो यामुळे.

मग अचानक तंतुवाद्यं आणि पियानो उसळून येतात आणि नाच सुरू होतो. पुढचे प्रसंग वाटले तर गोष्ट म्हणून ऐका: पेनसिल्व्हेनियातलं नवं शेतघर, नवरा, नवरी, एक अनुभवी शेजारीण, एक धर्मोपदेशक. पण 'सिंपल गिफ्ट्स' आलं की गोष्ट बाजूला ठेवा. शेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाचं हे गीत 1848 च्या सुमाराचं, मेन राज्यातल्या जोसेफ ब्रॅकेट यांचं. कॉपलंड ते आधी क्लॅरिनेटकडून सरळ म्हणवून घेतो आणि मग एकेक रूप बदलत नेतो. एका ठिकाणी तीच धून निम्म्या लयीत येते, आणि दुसरी वाद्यं तीच धून थोडी मागून सुरू करतात. ती जागा शोधून काढा. दोन्ही धाग्यांचा वेगवेगळा पाठलाग करायला जमलं की संपूर्ण ऑर्केस्ट्रा तुमच्या हाताशी आला असं समजा. शेवटचं रूप सगळा वाद्यवृंद मिळून वाजवतो. बहुतेक लोकांना तेच आवडतं. मला त्यानंतरची शांतता जास्त आवडते, जिथे तंतुवाद्यं हलक्या आवाजात प्रार्थनेसारखी वाजतात आणि सुरुवातीच्या दोन तिकड्या परत येतात.

दुसऱ्या बैठकीत तेरा वाद्यांची मूळ आवृत्ती लावा. कॉपलंडने स्वतः संचालन केलेलं तिचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पूर्ण ऑर्केस्ट्राच्या झगमगाटात हाडांची जी रचना थोडी झाकली जाते, ती तिथे उघडी पडते. या संगीताला 1945 सालचं पुलित्झर मिळालं.

पायरी चौथी: गुराखी आणि लय

आता 'बिली द किड' (1938) आणि 'रोडिओ' (1942). दोन्ही पश्चिमेकडच्या गुराख्यांचे बॅले, आणि दोन्हींत लोकधुना भरपूर. इथे कान लयीकडे वळवायचा आहे.

'रोडिओ'तला 'हो-डाउन' आधी घ्या. सुरुवातीला व्हायोलिनं तारा जुळवत असल्यासारखी वाजतात. मग पियानो आणि वुडब्लॉक ताल धरतात आणि धून सुटते. ती केंटकीतले व्हायोलिनवादक विल्यम स्टेप यांनी 1937 साली लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्या ध्वनिमुद्रणात वाजवलेल्या 'बोनापार्ट्स रिट्रीट'वरून घेतली आहे. ते मूळ ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे. जमलं तर लागोपाठ दोन्ही ऐका. कॉपलंडने धुनेला जवळपास हात लावलेला नाही. त्याने तिच्याभोवतीची जागा बांधली आहे. मध्यानंतर तो संपूर्ण नाचाचा दम काढून घेतो, लय संथ होत होत जवळजवळ थांबते, आणि मग धून परत उसळते. हाच खेळ 'रोडिओ'तल्याच 'बकारू हॉलिडे'मध्ये ट्रॉम्बोनच्या एकल तुकड्यात आहे. धुनेच्या मध्येच विराम येतो, आपण पुढच्या सुराची वाट पाहत राहतो आणि तो अपेक्षेपेक्षा उशिरा येतो.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या आपल्या कानाला समेची वाट पाहायची सवय असते. कॉपलंडकडे ती सवय अर्धी उपयोगी पडते आणि अर्धी आड येते. 'बिली द किड'मधला 'हाराबे' हा मेक्सिकन नाच पाच-पाच मात्रांचा आहे. झपताल अंगवळणी असेल तर तो लगेच पकडता येतो. पण इतर ठिकाणी मात्रांचा हिशेब दर थोड्या वेळाने बदलतो. तिथे आवर्तन शोधू नका. दोन-दोन आणि तीन-तीनचे छोटे गट मांडीवर बोटांनी मोजा, बस्स.

'बिली'चा आरंभही चुकवू नका. लाकडी सुषिर वाद्यं पंचमाच्या अंतराने हलतात, खाली संथ पावलं पडतात. फॅनफेअरमधली तीच पोकळी, चार वर्षं आधीची. पुढच्या बंदुकीच्या चकमकीत धून म्हणावी असं जवळपास काही नाही, मुख्यतः तालवाद्यांचे आघात आहेत. स्वीट वीस-बावीस मिनिटांचा आहे आणि पुरेसा आहे.

पायरी पाचवी: 'एल सालोन मेहिको'

1932 साली मेक्सिकोचे संगीतकार-संचालक कार्लोस चावेझ यांच्या बोलावण्यावरून कॉपलंड मेक्सिको सिटीला गेला. तिथल्या एका नाचघराच्या नावावर ही अकरा मिनिटांची रचना आहे. पहिला प्रयोग 1937 मध्ये चावेझ यांनीच केला. सहा मात्रा एकदा 3+3 आणि लगेच 2+2+2 अशा कशा फुटतात ते इथे शिका. मागच्या पायरीवरचं बोटांनी मोजणं इथे चांगलं उपयोगी पडतं. सुरुवातीच्या भागातला ट्रम्पेट आणि त्यामागून येणारा क्लॅरिनेट दोघेही थोडे लडखडत्या चालीने वाजतात. ते तसंच वाजायला हवं.

वाटेतले दोन थांबे

'लिंकन पोर्ट्रेट' (1942) मध्ये निवेदक लिंकनचे शब्द वाचतो. निवेदक साध्या आवाजात वाचणारा असेल तरच ही रचना उभी राहते, नाटकी वाचनाने ती मोडते. झुबिन मेहता यांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणात निवेदन ग्रेगरी पेक यांचं आहे, ते ऐकावं. 1953 च्या जानेवारीत आयझेनहॉवर यांच्या शपथविधीच्या मैफलीतून हीच रचना काढून टाकली गेली, कारण कॉपलंडच्या डाव्या संबंधांवर एका काँग्रेस सदस्याने बोट ठेवलं. त्याच वर्षी त्याला कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या सिनेटर मॅकार्थी यांच्या समितीपुढे साक्षीला जावं लागलं. ज्याने देशाला त्याचा आवाज दिला, त्याच्या निष्ठेवरच शंका घेतली गेली, याचा राग आजही येतो.

'क्लॅरिनेट कॉन्चेर्तो' जॅझवादक बेनी गुडमन यांच्यासाठी लिहिलेला. 1950 साली तो पहिल्यांदा रेडिओवर वाजला. पहिला भाग हार्प आणि तंतुवाद्यांवर तरंगणारा. 'क्वाएट सिटी' आवडली असेल तर हाही आवडेल.

पायरी सहावी: तिसरी सिंफनी

आता चाळीस मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागेल. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक सर्गेई कुसेवित्स्की यांनी आपल्या दिवंगत पत्नी नताली यांच्या स्मरणार्थ ही लिहवून घेतली आणि 18 ऑक्टोबर 1946 रोजी बॉस्टनमध्ये पहिल्यांदा सादर केली.

पहिल्यांदाच चारही भाग सलग ऐकले तर बरेच जण पहिल्या भागातच गळतात. म्हणून उलट्या बाजूने शिरा. तिसऱ्या भागाची शेवटची दोन मिनिटं आणि चौथा भाग ऐका. दोन्ही न थांबता जोडलेले आहेत. तिथे बासऱ्या आणि क्लॅरिनेट अगदी हळू आवाजात तीन ओळखीचे सूर वाजवतात: मंद्र प, सा, मध्य प. आपण पहिल्या पायरीवर गुणगुणलेले तेच अंतर. मग तीच ललकारी पितळी वाद्यं पूर्ण ताकदीने उचलतात. त्यानंतर संपूर्ण सिंफनी सुरुवातीपासून लावा. आता पहिल्या भागातल्या लांब, संथ ओळींमध्येही चौथ्या-पाचव्या सुरांच्या उड्या दिसू लागतील आणि ललकारी शेवटी आकाशातून पडली नाही हे पटेल. चौथ्या भागात पुढे सगळा वाद्यवृंद एका कर्कश स्वरसमूहावर आदळून थांबतो. तो जागीच ऐका, पुढे ढकलू नका. शेवटी पहिल्या भागाची धून परत येते.

लेनर्ड बर्नस्टाइन यांनी 1985 साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण जोशपूर्ण आहे, आणि त्याच तबकडीवर 'क्वाएट सिटी'ही आहे. कॉपलंडचं स्वतःचं संचालन जास्त कोरडं आणि सरळ. मला दोन्ही लागतात, पण शिकण्यासाठी कॉपलंडचं बरं. त्यात कुठलाच सूर जास्त गहिवरत नाही.

पायरी सातवी: मागे वळून तरुणपणाकडे

1921 ते 1924 कॉपलंड फ्रान्समध्ये संगीतशिक्षिका आणि ऑर्गनवादक नादिया बुलांजे यांच्याकडे शिकला. परत आल्यावर त्यांच्याच वादनासाठी त्याने ऑर्गन सिंफनी लिहिली. 11 जानेवारी 1925 रोजी न्यूयॉर्कमध्ये ती संपल्यावर संचालक वॉल्टर डॅमरॉश श्रोत्यांकडे वळून म्हणाले की तेविसाव्या वर्षी असं लिहू शकणारा तरुण पाच वर्षांत खून करायलाही तयार होईल. ऐकताना त्यामागचं कारण कळतं. मधल्या भागाची लय अजूनही अंगावर येते.

पण या काळातली खरी मेजवानी 'शॉर्ट सिंफनी' आहे. फक्त पंधरा मिनिटं. 1933 मध्ये पूर्ण झाली, आणि अमेरिकेत कुसेवित्स्की व स्टोकोव्स्की या दोन्ही संचालकांनी ती लयीच्या अवघडपणामुळे बाजूला ठेवली. 1934 मध्ये ती वाजवली मेक्सिकोत चावेझ यांनी. हताश होऊन कॉपलंडने तिचं सहा वादकांसाठी रूपांतरही केलं. इथे एकही लोकधून नाही. तरीही पहिल्या मिनिटात उड्या, विराम, मोकळी जागा, सगळं भेटतं. 'हो-डाउन'ची चपळाई इथूनच आली आहे. मायकल टिल्सन टॉमस यांनी सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर केलेल्या 'कॉपलंड द मॉडर्निस्ट' या संचात ती आहे, आणि सोबत 'ऑर्केस्ट्रल व्हेरिएशन्स'ही. कॉपलंडवरचा कोणताही एकच संच घ्यायचा असेल तर मी हा सुचवेन.

पायरी आठवी: 'कनोटेशन्स' आणि 'इनस्केप'

23 सप्टेंबर 1962. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या नव्या फिलहार्मोनिक हॉलचं उद्घाटन, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, संचालनाला बर्नस्टाइन. सगळ्यांना 'ॲपलेशियन स्प्रिंग'चा कॉपलंड हवा होता. त्याने आणलं 'कनोटेशन्स', बारा-स्वरी पद्धतीचं वीस मिनिटांचं कडक संगीत. मध्यंतरात भेटलेल्या जॅकलिन केनेडी यांना 'ओह, मिस्टर कॉपलंड' यापलीकडे शब्द सुचेनात, ही गोष्ट त्याने स्वतः सांगितली आहे.

बारा-स्वरी म्हणजे सप्तकातले बाराही सूर एका ठरावीक क्रमात लावायचे आणि त्या क्रमातून सगळी रचना काढायची. इथे धून शोधली तर निराशा होईल. सुरुवातीचे तीन आघात ऐका: चार-चार सुरांचे तीन समूह, मिळून बारा. तेवढं एकदा, दोनदा, तीनदा. मग फॅनफेअरचं पहिलं अर्धं मिनिट लावा आणि लगेच परत 'कनोटेशन्स'वर या. पितळी वाद्यांची धार, आघातानंतर सोडलेली हवा आणि सुरांमधली अंतरं ओळखीची वाटू लागतात. वीस मिनिटं एकदम झेपली नाहीत तर सात-सात मिनिटांचे तुकडे करा.

'इनस्केप' (1967) त्यामानाने मवाळ आहे, तेरा मिनिटांच्या आसपास. पद्धत तीच बारा-स्वरी, पण शांत भागांत वाद्यं इतकी विरळ लावली आहेत की डोळे मिटून ऐकलं तर 'क्वाएट सिटी' शेजारच्याच गल्लीत आहे असं वाटावं. या दोन रचना एकामागून एक लावा, आधी 1967 ची, मग 1940 ची.